आमची बाजू कोर्ट ऐकणार कधी?

डिचोली तालुक्यातल्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. कुळागरातून जाणाऱ्या वाटेवर त्यांनी फाटक घातलं. त्यावरून शेजाऱ्याशी बाचाबाची झाली, मग झोंबाझोंबी, त्यात काठी चालली आणि शेजाऱ्याच्या दंडावर तीन टाके पडले. शेजाऱ्याने त्याच रात्री फिर्याद दिली. भारतीय न्याय संहितेची कलमं ११८(१), १२६(२), ३५१(२), ३५२ आणि सोबत ३(५) लावून तिघांवर गुन्हा नोंद झाला: ते स्वतः, ६३ वर्षांचे वडील आणि धाकटा भाऊ. भाऊ तारवटी, दोन महिन्यांनी बोटीवर रुजू व्हायचा आहे. अटक झालेली नाही, पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची, म्हणजे अटक न करता हजर राहायला सांगणारी, नोटीस दिली आहे. आता त्यांना विचारायचंय ते असं: आमची बाजू कोर्ट ऐकणार कधी, तडजोड होईल का, भाऊ जाऊ शकेल का, प्रत्येक तारखेला जावं लागेल का, आणि ‘गुन्हा कबूल करून मोकळे व्हा’ हा एकाने दिलेला सल्ला ऐकावा का.

या सगळ्यांच्या मुळाशी एक गैरसमज आहे. फौजदारी खटला म्हणजे एक मोठी सुनावणी, तिथे दोघांनी आपापलं म्हणणं मांडायचं आणि न्यायाधीशांनी कोण खरा ते सांगायचं, असं आपण धरून चालतो. तसं ते नसतं. प्रत्येक टप्प्यावर कोर्टापुढे वेगळा आणि अगदी मर्यादित प्रश्न असतो. जामिनाच्या वेळी मुख्यतः ‘हा पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणील का’ हे पाहतात. दोषारोप ठेवताना ‘पोलिसांचे कागद खरे मानले तर गुन्हा दिसतो का’ हा प्रश्न असतो. वाट कोणाची होती हे यातल्या एकाही टप्प्यावर कोणी ठरवत नाही. म्हणून चुकीच्या टप्प्यावर बरोबर मुद्दा मांडला की तो वाया जातो, आणि योग्य टप्पा निसटला की तो परत येत नाही.

आधी कायदा कुठला ते. गोव्यात लग्न, वारसा वगैरे बाबतीत पोर्तुगीज काळातली दिवाणी संहिता चालते, त्यामुळे फौजदारीतही इथे काही वेगळं असेल असं पुष्कळांना वाटतं. तसं काही नाही. घटना १ जुलै २०२४ नंतरची असल्याने गुन्ह्याची व्याख्या न्याय संहितेत, प्रक्रिया नागरिक सुरक्षा संहितेत आणि पुराव्याचे नियम साक्ष्य अधिनियमात, देशभर जसे तसेच. गुन्हा त्या तारखेआधीचा असता तर कलमं जुन्या दंड संहितेची लागली असती. वकिलाच्या तोंडी ४१-अ (आताचं ३५(३)), ३१३ (आताचं ३५१) असे जुने आकडे येतील तेव्हा गोंधळू नका, सवय जायला वेळ लागतो.

आता तुमच्या कलमांकडे बघा. ३५१(२) म्हणजे धमकी आणि ३५२ म्हणजे शांतता भंग व्हावी अशा हेतूने अपमान. दोन्ही अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता न येणारी, आणि जामीनपात्र. १२६(२), वाट अडवणं, दखलपात्र आहे पण जामीनपात्र. शिक्षा फार तर एक महिना साधी कैद किंवा ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. एक जरी कलम दखलपात्र असलं तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरून तपासता येतं, म्हणून बाकीची कलमं मागोमाग आली. पण सगळी खुंटी आहे ती ११८(१)वर: घातक हत्याराने दुखापत, शिक्षा तीन वर्षांपर्यंत किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या एफआयआरमध्ये अजामीनपात्र असं हेच एक कलम, आणि कोर्टात दोघांच्या संमतीने मिटवता न येणारंही हेच एक. ते टिकलं नाही तर उरतं ११५(२), म्हणजे साधी दुखापत: एक वर्ष किंवा १० हजार रुपये दंड, अदखलपात्र, जामीनपात्र, जखमीच्या इच्छेने मिटणारं. तेव्हा तुमच्या खटल्यातला खरा वाद वाटेचा नाही. ती काठी ‘घातक हत्यार’ होती का, हा आहे. कायद्याची कसोटी अशी की भोसकण्या-कापण्याचं हत्यार असलं पाहिजे, किंवा मारायला वापरल्यास मृत्यू संभवेल अशी वस्तू. काठी आपोआप त्यात बसत नाही आणि आपोआप बाहेरही राहत नाही. जाडी, लांबी, लोखंडी टोक आहे का, फटका डोक्यावर होता की दंडावर, हे सगळं बघितलं जातं. हे बहुतेक सगळं पहिल्या आठवड्यातल्या तीन कागदांत बंद होतं: वैद्यकीय दाखला, घटनास्थळाचा पंचनामा आणि काठी जप्त केल्याचा पंचनामा.

नोटिशीबद्दल. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का लागते याची कारणं पोलिसांना लिहून ठेवावी लागतात. गरज नसेल तर नोटीस देऊन बोलवायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेशकुमार खटल्यात हे ठणकावून सांगितलं. नोटीस पाळत राहिलात तर कारणं नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. पाळली नाही तर नोटीसच अटकेचं कारण होते. म्हणून दिलेल्या वेळी जा, गेल्याची पोच घ्या, आणि जमणारच नसेल तर आधी लेखी कळवून दुसरी तारीख मागा. ‘फोनवर सांगितलं होतं’ हे नंतर कोणी मानत नाही.

वडिलांबाबत एक फसवा मुद्दा आहे. साठीच्या वरच्या माणसाला उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक नाही, असं ऐकलं असेल. ती तरतूद, कलम ३५(७), तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतीच आहे. ११८(१)ची शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, म्हणजे ‘तीनपेक्षा कमी’ नाही. त्या ढालीवर विसंबू नका. साठीवरच्या पुरुषाला स्थानकात बोलवायचं नाही, घरी येऊन विचारायचं, हा नियमही साक्षीदारांसाठी आहे. संशयिताला तो लागू होत नाही.

अटकपूर्व जामीन घ्यावा का? परिस्थितीवर आहे. नोटीस पाळली जात असेल, काठी जप्त झालेली असेल, तर अनेकदा गरज नसते, आणि अर्ज केला तरी ‘अटकेची भीती दिसत नाही’ म्हणून निकाली निघू शकतो. पण जखम गंभीर असल्याचा पुढचा दाखला येण्याची शक्यता असेल, किंवा कलमं वाढवण्याच्या हालचाली असतील, तर सत्र न्यायालयात अर्ज तयार ठेवणं शहाणपणाचं. अर्ज थेट उच्च न्यायालयाच्या पर्वरीच्या खंडपीठाकडेही करता येतो, तरी सहसा आधी सत्र न्यायालयच गाठतात.

पोलिसांपुढे काय बोलायचं? नाव-गाव, हजेरी, कागदपत्रं यात सहकार्य करा. स्वतःविरुद्ध जाईल असं उत्तर देण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. तपासात घेतलेल्या जबाबावर सही घेऊ नये असा कायदा आहे, कलम १८१. सही मागितली तर नम्रपणे ते कलम सांगा. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा होत नाही, पण कोठडीत असताना ‘काठी कुठे टाकली ते दाखवतो’ म्हटलं आणि ती खरंच तिथे सापडली, तर तेवढा भाग पुराव्यात येतो.

या टप्प्यावर आपल्या बाजूने करण्यासारखं पुष्कळ असतं आणि तेच बहुतेकांकडून राहून जातं. तुम्हालाही लागलं होतं का? ओरखडा, मुका मार, काहीही. लागलं असेल आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी साखळीच्या किंवा डिचोलीच्या आरोग्य केंद्रात दाखवलं असेल, तर तो केस पेपर सोन्यासारखा जपा. दाखवलं नसेल आणि अजून खूण असेल तर आजच जा, उशीर का झाला ते डॉक्टरांना खरं सांगा. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचं स्पष्टीकरण सरकार पक्षाने दिलं नाही तर ती त्याच्या कथेतली फट ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ पासून सांगितलेलं आहे. पण जखम होती हे दाखवणारा कागदच नसेल, तर हा मुद्दा नुसता बोलण्यापुरता राहतो. बचावाच्या हक्कात काठी उगारली असं म्हणायचं असेल तर ते दाखवण्याचा भार तुमच्यावर येतो. तो सरकार पक्षाइतका जड नसतो, पण काहीतरी हातात लागतंच.

तुमची उलट तक्रार असेल तर ती लेखी द्या आणि पोच घ्या. स्थानकात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवा, तिथेही काही झालं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, असा क्रम कलम १७३(४) आणि १७५(३) मध्ये आहे. मधली पायरी गाळली की अर्ज तिथेच अडतो. एकाच घटनेचे दोन उलटसुलट गुन्हे झाले तर ते एकाच न्यायाधीशापुढे लागोपाठ चालावेत असा दंडक आहे, तशी लेखी विनंती वेळेत करावी लागते. मात्र फक्त दबावासाठी रचलेली उलट तक्रार करू नका. उलटतपासणीत ती तुमच्यावरच शेकते.

शेजारच्या घरावर किंवा दुकानावर कॅमेरा असेल तर आजच बघा. डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, आणि किती दिवस टिकतं ते प्रत्येक यंत्राच्या क्षमतेवर. चित्रण जपावं म्हणून तपास अधिकाऱ्याला आणि कॅमेऱ्याच्या मालकाला लेखी कळवा. नुसतं मोबाईलवर पाठवलेलं चित्रण पुरत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४)चं दोन भागांचं प्रमाणपत्र सोबत लागतं, एक भाग यंत्र सांभाळणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, त्यात फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा, येतं.

वाटेचे कागद, म्हणजे जमिनीचा एक-चौदाचा उतारा, सर्व्हेचा नकाशा, जुनं विक्रीखत, यांचा इथे उपयोग होतो, पण तुम्हाला वाटतो तसा नाही. फौजदारी न्यायालय मालकी ठरवणार नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालय आहे, आणि वाटेच्या अडवणुकीसाठी १९६६च्या कायद्याखालचं मामलेदार न्यायालय. पण वाट अडवण्याच्या व्याख्येला एक अपवाद आहे: खाजगी वाट अडवण्याचा आपल्याला हक्क आहे असं एखादा प्रामाणिकपणे समजत असेल तर तो गुन्हा होत नाही. तुमचे कागद हा प्रामाणिक समज दाखवतात. त्यांच्या प्रती तपास अधिकाऱ्याला पत्रासोबत द्या. आरोपपत्राच्या संचात त्या आल्या तर पुढचं सोपं, नाही आल्या तरी दिल्याची पोच हातात राहते.

आता आरोपपत्र. ६० किंवा ९० दिवसांत यायलाच हवं ही समजूत अर्धवट आहे. ती मुदत आरोपी कोठडीत असेल तेव्हाची, आणि ती उलटली तर त्याला जामीन मिळण्याचा हक्क तयार होतो. तुम्ही बाहेर आहात, तेव्हा पोलिसांवर तशी घड्याळाची टांगती तलवार नाही. एक ते तीन वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यात कोर्टाने दखल घेण्याला तीन वर्षांची मुदत आहे, पण नव्या संहितेत ती फिर्याद नोंदल्याच्या तारखेवरून बघतात, आणि तुमच्याविरुद्धची फिर्याद त्याच रात्रीची आहे. दरम्यान काहीच कळत नसेल तर सीएनआर क्रमांक, म्हणजे कोर्ट प्रत्येक खटल्याला देतं तो सोळा अंक-अक्षरांचा क्रमांक, मिळेपर्यंत वाट पाहावी लागते. मिळाला की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तारीख स्वतः बघता येते. वकिलाच्या फोनवर अवलंबून राहू नका.

आरोपपत्र दाखल होताना ‘आता अटक करून हजर करतो’ अशी भाषा ऐकू येते. तपासात अटक केली नाही आणि माणूस सहकार्य करतोय, तर नुसतं आरोपपत्र दाखल करण्यासाठी अटक लागत नाही, हे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, आणि २०२२ च्या सतेंदर कुमार अंतील निकालात सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत अशा आरोपीला हजर झाल्यावर ताब्यात न घेता जामिनावर विचार करावा असं सांगितलं. पहिल्या तारखेला हमीदार सोबत न्या: ओळखपत्र आणि पगाराचे किंवा मालमत्तेचे कागद. हमीदार नाही म्हणून संध्याकाळपर्यंत कोर्टाच्या व्हरांड्यात ताटकळायची वेळ टाळता येते.

हजर झाल्यापासून १४ दिवसांत आरोपपत्राच्या सगळ्या प्रती फुकट मिळायला हव्यात. पानं मोजून घ्या. यादीत असलेलं आणि हातात नसलेलं काय, ते त्याच तारखेला लेखी सांगा. बहुतेक वेळा राहतो तो कच्चा नकाशा, जखमेचा मूळ केस पेपर किंवा सीडी.

इथून दोन मुदती चालू होतात आणि दोन्ही सहज निसटतात. पहिली, प्रती मिळाल्यापासून ३० दिवसांत कागदपत्रं मान्य-अमान्य सांगायची, कलम ३३०. सरकारी वकील यादी पुढे करतात, वकिलाचा कनिष्ठ घाईत ‘मान्य’ लिहून टाकतो. वैद्यकीय दाखला मान्य केला की डॉक्टरांना बोलवण्याची गरजच उरत नाही, आणि ‘जखम टणक बोथट वस्तूने की धारदार’, ‘पडल्यानेही होऊ शकते का’ हे विचारायचा तुमचा एकमेव माणूस गेला. तुमच्या खटल्यात सगळं ११८(१)वर टेकलंय. दाखला अजिबात मान्य करू नका, निदान वकिलाशी बसून ठरवल्याशिवाय नको.

दुसरी, प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत दोषमुक्तीचा, म्हणजे दोषारोप ठेवण्याआधीच वगळण्याचा, अर्ज, कलम २६२. इथे न्यायाधीश फक्त पोलिसांचे कागद बघतात. तुम्ही आणलेली कागदपत्रं या टप्प्यावर वाचायची नाहीत, हा २००४ पासूनचा पक्का नियम आहे. ‘आमच्याकडे एक-चौदा आहे’ हे इथे सांगून उपयोग नाही. पण ‘फिर्यादीच्या स्वतःच्या जबाबात वडील फक्त तिथे उभे होते असंच आहे’ हे सांगता येतं, आणि ते जोरदार आहे. समान उद्देशाचं कलम ३(५) लावलं म्हणून प्रत्येकजण आपोआप गुन्हेगार होत नाही. म्हणून तिघांचा एकच अर्ज करू नका. वडिलांचा वेगळा करा. भावाची भूमिका जबाबांत काय लिहिली आहे ते पाहून त्याचाही. तसंच, काठीचं वर्णन आणि जखम पाहता ११८(१) ऐवजी ११५(२) खालीच दोषारोप ठेवावा असा पर्यायी मुद्दा याच वेळी मांडायचा.

दोषारोप वाचून दाखवला की विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ इथे तो सल्ला आठवा: कबूल करून मोकळे व्हा. दंड भरला की संपलं असं वाटतं, पण ती दोषसिद्धी आहे, आणि बोटीवरच्या नोकरीच्या कागदांत, पोलीस पडताळणीत ती पुन्हा पुन्हा समोर येते. सौदा करून शिक्षा कमी करून घेण्याची तरतूदही आहे, दोषारोपापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो, पण तिचा शेवटही दोषसिद्धीतच होतो. भावासाठी तर हा रस्ता मुळीच घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. अगदी शेवटी दोषी ठरलंच तर १९५८च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सुटका मागता येते, आणि त्या कायद्याचं कलम १२ अशा दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करतं. म्हणजे कबुलीने जे मिळेल असं वाटतं, त्याहून बरं काही लढून हरल्यावरही मागता येतं.

मग साक्षी. आधी फिर्यादी, मग प्रत्यक्षदर्शी, पंच, डॉक्टर, शेवटी तपास अधिकारी, असा सर्वसाधारण क्रम. सरतपासणी सरकारी वकील घेतात, उलटतपासणी तुमचे वकील. ‘आमची बाजू’ ऐकली जाते ती खरं तर इथे, आणि तीही तुमच्या तोंडून नव्हे, समोरच्या साक्षीदाराच्या तोंडून. तुमचा जो बचाव असेल तो प्रश्नाच्या रूपात फिर्यादीला घातला गेलाच पाहिजे: तूच आधी फाटक उपटलंस, तूच आधी हात उगारलास, चिऱ्यावर पडल्याने तुला लागलं. हे फिर्यादीला विचारलंच नाही आणि तुमच्या जबाबात पहिल्यांदा आलं, तर ते मागाहून सुचलेलं धरतात. वकिलाला हे माहीत असतं, पण त्याला तुमची हकीकत नीट माहीत नसते. म्हणून उलटतपासणीच्या आदल्या आठवड्यात बसून घटनेचा मिनिटामिनिटाचा क्रम कागदावर लिहून द्या.

एक तांत्रिक चूक वारंवार होते. साक्षीदार कोर्टात म्हणतो, ‘तिघांनी मारलं.’ पोलिसांपुढे म्हणाला होता, ‘एकाने मारलं.’ ही विसंगती साक्षीदाराला दाखवली की काम झालं असं वाटतं. नाही. पोलिसांपुढचा जबाब हा स्वतः पुरावा नसतो. तो ज्याने लिहून घेतला त्या तपास अधिकाऱ्याला ‘साक्षीदाराने तुम्हाला नेमकं असंच सांगितलं होतं का’ हे विचारून सिद्ध करावं लागतं. साक्षीदार आणि अधिकारी यांच्या साक्षींमध्ये अनेक महिने जातात, मध्ये वकील बदलतो, आणि तो प्रश्न राहून जातो. तुम्ही एक वहीच ठेवा: कुठल्या साक्षीदाराला कुठली विसंगती दाखवली, कोणत्या ओळीची. अधिकारी पिंजऱ्यात उभा राहायच्या दिवशी ती वही वकिलाच्या हातात असू द्या.

गोव्यात आणखी एक भान ठेवावं लागतं. साक्षीदार कोकणीत किंवा मराठीत बोलतो आणि नोंद इंग्रजीत होते. ‘बडी’ या शब्दाचं इंग्रजीत साधी काठी होतं की सोटा, ‘लागलो’ म्हणजे मारला की नुसता आपटला, यावर तुमचं कलम हलू शकतं. साक्ष वाचून दाखवली जाते तेव्हा कान देऊन ऐका, शब्द बदललेला वाटला तर वकिलाला तिथल्या तिथे सांगा, आणि साक्षीदाराचा मूळ शब्द अवतरणात नोंदवायला लावा. दुसऱ्या तारखेला केलेली तक्रार ‘मागाहूनची’ ठरते.

त्यानंतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१चा जबाब, जुना ३१३ (धमकीचं ३५१ वेगळं, ते न्याय संहितेतलं). न्यायाधीश पुराव्यातला एकेक मुद्दा तुम्हाला विचारतात, शपथ नसते. ‘खोटं आहे’, ‘माहीत नाही’ एवढ्यावर संपवणं ही इथली सरसकट सवय आहे आणि ती मला पटत नाही. बचाव असेल तर लेखी निवेदन द्या, तशी परवानगी कायद्यातच आहे. एक-चौदा, तुमचा केस पेपर, वाटेचे फोटो यांची वेळ आता येते: बचावाचे साक्षीदार म्हणून. आरोपी स्वतः शपथेवर साक्ष देऊ शकतो, पण मग त्याची उलटतपासणीही होते. वडिलांना त्या पिंजऱ्यात उभं करण्याआधी दहादा विचार करा.

मग युक्तिवाद आणि निकाल. युक्तिवाद संपल्यापासून ४५ दिवसांत निकाल द्यावा अशी मुदत आहे. शिक्षा झालीच, ती तीन वर्षांपर्यंत असली आणि तुम्ही जामिनावर असलात, तर तेच कोर्ट अपिलापुरता जामीन देतं, आणि अपील सत्र न्यायालयात ३० दिवसांत करायचं. सुटलात तर सरकार आणि जखमी दोघांनाही अपिलाचा मार्ग असतो.

तडजोड. ११५(२), १२६(२), ३५१(२), ३५२ ही सगळी शेजाऱ्याच्या इच्छेने मिटतात, आणि मिटवलं की परिणाम निर्दोष सुटकेचा होतो. ११८(१) मिटवण्याच्या यादीत नाही. गंमत अशी की त्याहून वरची गंभीर दुखापत, ११७(२), कोर्टाच्या परवानगीने मिटते. कायद्यात अशा विसंगती असतात. तेव्हा दोन मार्ग. पहिला, दोषारोप ११५(२) वर उतरवून घेणं आणि मग तिथेच मिटवणं. दुसरा, दोघांनी मिळून उच्च न्यायालयाकडे कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याची याचिका. शेजाऱ्यांमधल्या खाजगी वादात, जखम साधी असेल तर, असं रद्द होतं. फिर्यादीचं शपथपत्र लागतं, त्याने स्वखुशीने मिटवल्याचं कोर्ट खातरजमा करून घेतं. शपथपत्रात वाटेचाही तोडगा लिहा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तेच फाटक आणि तेच भांडण. आणि पैसे दिले-घेतले तर बिनकागदाचे देऊ नका.

भावाचं बोटीवर जाणं. सध्या फक्त एफआयआर आहे. कोर्टाने आरोपपत्राची दखल घेईपर्यंत ‘कोर्टात प्रलंबित खटला’ म्हणता येत नाही, आणि पासपोर्टची अडचण मुख्यतः त्यानंतरची. दखल घेतल्यावर पासपोर्ट नव्याने काढायचा किंवा नूतनीकरण करायचं असेल तर १९९३च्या अधिसूचनेप्रमाणे कोर्टाची परवानगी लागते. परवानगीत मुदत लिहिली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो, म्हणून अर्जातच मुदत स्पष्ट मागा. हातातला पासपोर्ट चालू असेल तरी आधी नोटिशीत किंवा जामिनाच्या अटींत देश सोडण्यावर बंदी आहे का ते बघा. बंदी नसली तरी तपास अधिकाऱ्याला करारपत्राची प्रत देऊन, परत येण्याची तारीख लिहून कळवा. न सांगता गेलेला तारवटी आणि फरार यातला फरक कागदावरच दिसतो.

हजेरीबद्दल. प्रत्येक तारखेला तिघांनी जावंच असं नाही. कलम ३५५ खाली वकिलामार्फत हजेरीतून सूट मागता येते, आणि त्या कलमात दृक्‌श्राव्य माध्यमातून हजर राहणं हे प्रत्यक्ष हजेरीत धरलं आहे. भावाचा अर्ज तो बोटीवर चढण्याआधी करा: ओळखीचा वाद घेणार नाही, आपल्या गैरहजेरीत वकिलापुढे साक्ष नोंदवायला हरकत नाही, असं त्यात लिहिलं की परवानगी मिळण्याची शक्यता वाढते. दोषारोपाच्या, ३५१च्या जबाबाच्या आणि निकालाच्या दिवशी मात्र हजेरी गृहीत धरा. सूट मागितलीच नाही आणि माणूस दिसला नाही, तर वॉरंट निघतं, आणि ते रद्द करून घ्यायला सुट्टीच्या दोन महिन्यांतले पंधरा दिवस जातात.

किती वर्षं? संहितेत ६० दिवस, ३० दिवस, दोनपेक्षा जास्त तहकुबी नाही, असं पुष्कळ लिहिलंय. प्रत्यक्षात ते त्या न्यायालयातल्या कामाच्या बोजावर, पंच सापडतात का यावर आणि तपास अधिकाऱ्याची बदली कुठे झाली यावर ठरतं. सात-आठ साक्षीदारांचा खटला असेल तर महिन्यांत नाही, वर्षांत मोजा. म्हणून या आठवड्यात दोनच कामं: केस पेपर आणि कॅमेरा.